बघायचं कुठं

१७ मार्च, सोमवार

ही वही नवी आहे. जुनीची नऊ पानं शिल्लक होती, पण तिला तेलाचा हात लागला आणि तेलकट पानावर माझ्याने लिहवत नाही. बोलून जे नीट जमत नाही ते मी लिहून ठेवते, लग्नाआधीपासूनची सवय आहे. दहावीला मराठीत मला चांगले मार्क होते. हे कुणी विचारत नाही म्हणून इथेच सांगून टाकते.

आज निशीच्या बालवाडीच्या बाईंनी सूनबाईला बोलावून घेतलं. निशी म्हणजे निशिगंधा, माझी नात, साडेपाच वर्षांची. जूनमध्ये पहिलीत जायची आहे. बाई म्हणाल्या, पोरगी मान वर करून बघत नाही, घंटा झाली की कान दाबून ओरडते, बाकीची पोरं खेळतात आणि ही एकटी खडू रंगाप्रमाणे लावत बसते. आधी डॉक्टरला दाखवा, त्यांचा कागद आणा, मग पहिलीचं बघू. संयोगिता, म्हणजे आमची सूनबाई, घरी येऊन रडली. पतसंस्थेच्या काउंटरवर दिवसभर माणसांना तोंड देणारी बाई ती, सहजासहजी रडत नाही.

मी तिला धीर दिला. म्हटलं, "रडतीस कशाला? पोरीला काय बी झालं न्हाय. मी बी अशीच होतो. हुबेहूब माझ्यावर गेलीय ती."

संयोगिताने माझ्याकडे बघितलं, डोळे पुसले आणि वर निघून गेली. तिला पटलं असावं.

२० मार्च, गुरुवार

सीझन सुरू झाला. कोल्हापुरात उत्तरेश्वर पेठेत आमचा चटणीचा डंक आहे, म्हणजे मिरची-मसाला कांडायची जागा. खाली डंक, वर आम्ही पाच जण. मार्च लागला की पेठेतल्या बायका वाळवलेल्या मिरच्या, भाजलेलं खोबरं, धणे, लसूण घेऊन रांग लावतात. लोखंडी मुसळं उखळात पडायला लागली की संध्याकाळपर्यंत ठक ठक ठक ठक. माझ्याबरोबर नजीरा असते, वीस वर्षं झाली. ती चाळते, मी घालते.

निशी बालवाडीतून आली की पोत्यावर येऊन बसते आणि डंकाबरोबर गुणगुणते. शिट्टीच्या कुकरला घाबरणारी पोर डंकाला घाबरत नाही, याचं सगळ्यांना नवल वाटतं. मला नाही वाटत. डंक सांगून येतो. एक ठक झालं की पुढचं कधी येणार ते ठाऊक असतं. कुकर दगा देतो.

डोळे मिटून ती वासावरून सांगते, ही कुणाच्या घरची चटणी. मलाही येतं ते. आम्ही दोघी पैज लावतो. आज ती जिंकली.

रांगेत झुंबरबाई स्वतःचा डबा सांभाळत बसल्या होत्या. म्हणाल्या, "आक्का, तुझी नात हाकंला वर बघंना की गं. काय उतारा-बितारा काढलासा का?"

मी म्हटलं, "झुंबरबाई, तुमच्या मिरच्या अजून ओल्या हायत. घरी न्या, दोन उन्हं दावा, मग या."

त्या रागावून गेल्या. पण मिरच्या खरंच ओल्या होत्या.

२९ मार्च, शनिवार

कळंब्याच्या बाजूला एका कार्यालयात पेठेतल्या विठाबाईंच्या नातीचं लग्न. आमच्या ह्यांना, म्हणजे बाळासोंना, लग्नात अजिबात धीर नाही. अक्षता पडल्या, वीसेक मिनिटं झाली, की आले शोधत. "चल, लई वेळ झाला, मला कंटाळा आलाय." जिलेबी बघूनही थांबत नाहीत. पस्तीस वर्षं मी एकाही लग्नात शेवटच्या पंगतीपर्यंत बसलेले नाही. लोक काय म्हणत असतील? बाळासोची बायको माणूसघाणी.

मी काही बोलत नाही. नवऱ्याला सांभाळून घ्यावं लागतं.

३ एप्रिल, गुरुवार

अमर आणि संयोगिता निशीला डॉक्टर मॅडमकडे घेऊन गेले. अमर माझा मुलगा, शिरोलीला फौंड्रीत आहे. कामाला अर्धी रजा टाकून गेला. मॅडम मुलांच्या वाढीच्या डॉक्टर आहेत. त्यांनी ऑटिझमची शंका काढली. त्याला मराठीत स्वमग्नता म्हणतात म्हणे. मला हा शब्द आवडला नाही. निशी कुठली स्वतःत मग्न? ती चटणीत, खडूत, फरशीच्या रेघांत मग्न असते. स्वतः सोडून सगळ्यात.

एकवीस तारखेला मोठी तपासणी आहे. तोवर एक फॉर्म भरायचा. निशी दिवसा माझ्याजवळ असते म्हणून संयोगिताने एकेक प्रश्न मला वाचून दाखवला.

"ताटातले पदार्थ एकमेकांना लागलेले चालत न्हाईत?"

"कुणाला चालतात?" मी म्हटलं.

"ठरल्यालं बदललं की तरास होतो?"

"मला बी होतोय."

"कपड्याच्या आतली पट्टी टोचती म्हणून कापायला लावती?"

संयोगिता मला "आत्ती" म्हणते. चौदाव्या प्रश्नाला तिने पेन खाली ठेवलं. "आत्ती, निशीचं विचारालोय मी."

"निशीचंच सांगतोय की. पण मला बी तसंच हाय, म्हंजे त्यात काय इशेष न्हाय. लिही न्हाय म्हणून."

तिने काय लिहिलं ते दाखवलं नाही.

७ एप्रिल, सोमवार

विचार केला. कागद आला की तो पोरीला आयुष्यभर चिकटणार. लोक नाव विसरतील आणि कागद लक्षात ठेवतील. शाळेत, लग्नात, सगळीकडे. आणि पोरीत खोट काहीच नाही, फक्त तिला अजून शिकवलेलं नाही. मला तरी कुठं जन्मतः येत होतं? मार खाऊन खाऊन मी एकेक शिकले. निशीला मी मार न देता शिकवेन. एकवीस तारखेला दोन आठवडे आहेत. दहावीचा अभ्यास मी एका महिन्यात केला होता.

कुणाला सांगितलेलं नाही.

१० एप्रिल, गुरुवार

धडा पहिला झाला. समोरच्याशी बोलताना बघायचं कुठं?

डोळ्यात बघवत नाही, ते माझं मलाच ठाऊक आहे. डोळ्यात बघितलं की समोरचा काय बोलतोय ते ऐकूच येत नाही. मी निशीएवढी असताना वडिलांनी हनुवटी धरून वर केलेली अजून आठवते. त्यावर मीच युक्ती काढली. बाईमाणसाच्या कुंकवाकडे बघायचं. पुरुषाच्या मिशीकडे. समोरच्याला वाटतं डोळ्यांकडेच बघतोय. मिशी नसेल तर कॉलरचं बटण. नजीराच्या कपाळाला कुंकू नाही, तिच्या नाकातल्या चमकीकडे बघायचं.

धडा दुसरा. समोरचा हसला की मनात तीन म्हणायचे आणि आपणही हसायचं. धडा तिसरा. कुणी जेवता जेवता "या जेवायला" म्हटलं तर बसायचं नाही. "जेवा जेवा, आत्ताच झालं" म्हणायचं. मी लहानपणी दोनदा बसले होते, एकदा तर भटजींच्या घरी.

धडा चौथा. हात हलवावेसे वाटले तर पाठीमागे धरायचे आणि एका हाताने दुसऱ्याचा अंगठा दाबायचा. कुणाला दिसत नाही.

निशी भलती हुशार. सगळं पाठ झालं.

१६ एप्रिल, बुधवार

संयोगिता म्हणाली, "आत्ती, निशी हल्ली बगायला लागलीय माझ्याकडं! काल मी बोलत हुतो तर सरळ माझ्या तोंडाकडं!" किती खूश होती. मलाही आनंद झाला, पण धड्यांचं मी सांगितलं नाही.

निशी हल्ली डंकावर गुणगुणत नाही. पोत्यावर हात मागे धरून नीट बसते. नखं तेवढी खाते. वासाची पैजसुद्धा नको म्हणाली, दमले म्हणाली. शहाणी झाली पोर.

२१ एप्रिल, सोमवार

सगळं मुसळ केरात.

मीही गेले होते, आग्रह करून. मॅडमच्या खोलीत लाकडी ठोकळे, बाहुल्या, साबणाचे फुगे. मॅडम जमिनीवर बसलेल्या. वयाने संयोगिताएवढ्या, आवाज मऊ. नाव दारावर होतं, डॉक्टर रुबीना. ते वाचताना माझ्या डोक्यात काहीच आलं नाही, मी एवढी मूर्ख.

मॅडम म्हणाल्या, "ये निशी, बस."

निशी बसली. हात मागे. मान वर केली. मॅडमच्या कपाळाकडे बघितलं. मग डावीकडून बघितलं, उजवीकडून बघितलं. मग उठून अगदी जवळ गेली.

"तुमचं कुंकू कुठंय?"

मॅडम हसल्या. "मी लावत नाही. का गं?"

निशीने मनात तीन म्हटले, मला ते ओठांवर दिसलं, आणि ती हसली. मग तिचं तोंड वाकडं झालं. "मग मी बघू कुठं? तुम्हाला मिशी पण न्हाय. आक्का, ह्यांचं कुठं बघायचं?"

मी चटकन म्हटलं, "चमकी बघ चमकी!" मॅडमना चमकीही नव्हती.

निशी रडायला लागली. ओरडून नाही, हात मागे धरून, अंगठा दाबत. मला तिच्याकडे बघवेना. मॅडमनी तिचे हात हळूच सोडवले, दिवे कमी केले आणि तिला ठोकळ्यांजवळ एकटं बसू दिलं.

नंतर त्यांनी मला विचारलं, "आजी, हे तुम्ही शिकवलंत?"

"व्हय."

"तुम्हाला कुणी शिकवलं?"

"कुणी न्हाय. आपलं आपणच शिकायचं. सगळेच तसं करत्यात की."

मॅडमनी हातातला ठोकळा खाली ठेवला. मग म्हणाल्या, "नाही आजी. सगळे तसं करत नाहीत."

२२ एप्रिल, मंगळवार

कालची तपासणी वाया गेली असं मॅडमनी तिथंच सांगितलं. महिन्याने परत करायची, तोवर पोरीला काही शिकवायचं नाही.

सकाळी संयोगिता जे बोलली ते लिहून ठेवते, कारण ती खोटं बोलत नाही. म्हणाली, "आठवडाभर मला वाटलं माझी पोरगी माझ्याकडं बगायलीय. ती माझी टिकली बगत हुती. आत्ती, त्या पोरीचं काय हाल केलासा तुमी? ती तुमच्यासारखी व्हायला नको म्हणून तर मी धडपडालोय!"

अमर मधे पडायला गेला, तिने त्यालाही गप्प केलं. बॅग भरली आणि निशीला घेऊन हातकणंगल्याला माहेरी गेली. सुट्टी तिथेच काढणार, पतसंस्थेत तिथूनच जाऊन येऊन करणार. पुढं निशीला डंकावर ठेवायचं की नाही ते ती नंतर ठरवणार आहे.

पोत्यावर कुणी नाही. मला फार वाईट वाटतंय. वाईट म्हणजे छातीत ओली मिरची कांडल्यागत.

२४ एप्रिल, गुरुवार

मॅडमचं ते वाक्य डोक्यातून जाईना म्हणून मी चौकशी करायची ठरवली. डंकावर येणाऱ्या प्रत्येक बाईला विचारलं, बोलताना बघता कुठं?

चौदापैकी चौदा जणी म्हणाल्या, डोळ्यात. एकीलाही विचार करावा लागला नाही. दोघी हसल्या. झुंबरबाई (मिरच्या वाळवून आणल्या होत्या) म्हणाल्या, "डोळ्यातच बगतो की. खोटं बोलणारा तिथंच घावतोय. तुला काय झालंय आक्का, ऊन लागलंय का?"

शेवटी नजीराला विचारलं. ती चाळण बाजूला ठेवून म्हणाली, "तुझ्याकडं बगताना मी डोळ्यात बगतो. तू माझ्या चमकीकडं बगतीस. वीस वर्सं झाली. मला वाटलं तुला लई आवडती. म्हणून तर मी ती कधी बदलली न्हाय. लेकीनं नवी आणली तरी न्हाय."

मी आत जाऊन पाणी प्याले. दोन तांबे.

२६ एप्रिल, शनिवार

ह्यांनाही विचारलं. हे चहा पीत होते. म्हणाले, "डोळ्यात."

"आणि मी?"

"तू मिशीकडं बगतीस. म्हणून तर काढली न्हाय. मधी फ्याशन आल्ती तवाबी."

म्हणजे सगळ्यांना ठाऊक होतं! मी एवढी पस्तीस वर्षं लपवते आहे आणि नवऱ्याने मिशी राखली आहे. मग मी चिडून म्हटलं, "आणि मग लग्नातनं मला ओढून कशाला आणता? तुमच्यापायी मी माणूसघाणी ठरलो!"

ह्यांनी कप खाली ठेवला. "मला लग्नं लई आवडत्यात गं. बँड, जिलेबी, चार माणसं. पण अर्ध्या तासानं तुझं तोंड पांढरं पडतंय. हातातला रुमाल पिळायला लागतीस. तुला जाऊया म्हटलं तर तू न्हाय म्हणणार. म्हणून मला कंटाळा आला म्हणायचो."

पस्तीस वर्षं. किती जिलेब्या झाल्या असतील. मी त्यांच्या मिशीकडे बघत बसले. त्यांनी बघू दिलं.

६ मे, मंगळवार

रुबीना मॅडमना फोन केला. मला फोन करवत नाही, तरी केला. म्हटलं, मला माझीही तपासणी करून घ्यायचीय. त्या मुलांच्याच डॉक्टर, पण त्यांनी मोठ्या माणसांच्या एका सरांचं नाव दिलं. हे बरोबर आले.

सरांना मिशी नाही, गळ्यात टाय नाही, शर्टाची वरची दोन्ही बटणं उघडी. मी हैराण. ते म्हणाले, "आक्का, खिडकीकडं बघून बोला. मला चालतंय." खिडकीबाहेर एक म्हैस होती. छप्पन्न वर्षांत मी परक्या माणसाशी इतकं सरळ कधी बोलले नव्हते. दोन तास बोलले.

लहानपणीचं सांगणारं कुणी आहे का म्हणाले. कृष्णात नावाचा माझा थोरला भाऊ आहे, त्याला तिथूनच फोन लावला. दादा फोनमधून अख्ख्या दवाखान्याला ऐकू जाईल असं ओरडून म्हणाला, "चार वर्साची हुईपातूर बोललीच न्हाई ती! आईनं देव पाण्यात घातलं. आणि एक दिवस एकदम बोलली. काय, तर 'दार लाव'!"

सर हसून हसून लाल झाले. मी पण हसले. तीन न म्हणता.

१५ मे, गुरुवार

आज सरांनी सांगितलं. आहे. पहिल्यापासून आहे.

मला आनंद झाला की वाईट वाटलं, असं हे विचारत होते. दोन्ही. आधी आनंद झाला, की मी वाईट माणूस नव्हते, हट्टी नव्हते, चढेल नव्हते. मग राग आला. वडिलांचा, शाळेतल्या मास्तरांचा, ज्यांनी ज्यांनी हनुवटी धरली त्यांचा. ती माणसं आता नाहीत, त्यामुळे राग कुठे ठेवायचा ते कळत नाही.

सरांनी विचारलं, इतकी वर्षं कुणाच्याच लक्षात कसं आलं नाही? मी म्हटलं, "सर, कोल्हापुरात सगळीच तोंडावर बोलत्यात. त्यात मी चार शब्द जास्त बोललो तर कुणाला कळणार?"

नजीराला कागद दाखवला. तिने वाचला, परत घडी घालून दिला. "म्हंजे तू तीच हायस. कागद तेवढा नवा." आणि मिरच्या चाळायला लागली.

पण मला दिवसभर एकच दिसत होतं. हात मागे धरून रडणारी निशी. मी तिला मार न देता शिकवणार होते ना? मार द्यायचं काम मी तिच्या स्वतःच्या अंगठ्यावर सोपवलं. हे माझ्या हातून झालं. ते नीट करायला हवं.

१९ मे, सोमवार

हातकणंगल्याला जाऊन आले. एकटी. न सांगता गेले, कारण फोनवर संयोगिता ये म्हणाली नसती.

तिच्या घरची माणसं जेवत होती. तिची आई म्हणाली, "या जेवायला." मी म्हटलं, "व्हय. भूक लागलीय मला." आणि बसले. विहीणबाईंची ताट वाढताना धांदल उडाली.

निशी कोपऱ्यात शेंगा लहानमोठ्या लावत होती. तिने माझ्याकडे बघितलं नाही, शेंगांचा अर्धा ढीग माझ्याकडे सरकवला. मी लावायला लागले.

संयोगिता दारात उभी होती. मी तिच्या हातात माझा कागद दिला. तिने दोनदा वाचला. खाली बसली.

"आत्ती, त्या दिवशी मी जे बोललो..."

"खरंच बोललीस. तिनं माझ्यासारखं व्हायचं न्हाय. मी छप्पन्न वर्सं लपून काढली गं. त्या पोरीला लपायला शिकवलं, ते चुकलं माझं." मला रडू आलं आणि मी आवरलं नाही.

ती शेंगा लावणाऱ्या निशीकडे बघत राहिली. मग म्हणाली, "एक विचारू? केस विंचरताना ती जीव गेल्यागत ओरडती. का वो?"

"कंगवा केसातनं जात न्हाय, कातड्यातनं जातोय. आधी सांग, किती वेळा फिरवणार. दहा म्हटलंस तर दहाच. अकरावा न्हाय. आणि हात हलका नको, घट्ट धर. हलका हात लई वाईट."

संयोगिता उठली, पेन आणि वही घेऊन आली. "आणि भात? नुसता भातच का खाती?"

"भाताची चव रोज तीच असती. भाजी रोज निराळी. रोज नवा माणूस भेटल्यागत."

तिने तेही लिहिलं. संध्याकाळची गाडी येईपर्यंत ती विचारत होती आणि मी सांगत होते. आयुष्यात कुणी माझं बोलणं लिहून घेतलेलं मला आठवत नाही.

२८ मे, बुधवार

निशीची परत तपासणी झाली. मी बाहेर बसले. अडीच तास. निशीने आत हात हलवले, गुणगुणली, मॅडमकडे एकदाही बघितलं नाही आणि त्यांच्या साबणाचा वास कुठल्या कंपनीचा ते बरोबर सांगितलं. कागद मिळाला. पोरगी ऑटिस्टिक आहे, हुशार आहे, नेहमीच्या शाळेत जाऊ शकते, पण शाळेने काय काय सांभाळायचं त्याची यादी मॅडमनी लिहून दिली. पहिले काही दिवस घरचं माणूस वर्गात बसलेलं बरं.

संयोगिता जिन्यात रडली. या वेळी मी "काय झालं न्हाय" म्हटलं नाही. शेजारी बसून राहिले.

खाली आल्यावर म्हणाली, "आत्ती, वर्गात तुमी बसाल? मला रजा मिळायची न्हाय." मी व्हय म्हटलं, पण तिच्या आवाजात अजून थोडी भीती होती. मला अशा गोष्टी सहसा कळत नाहीत, ही कळली. एक चूक झाली की पोर परत हातकणंगल्याला.

१६ जून, सोमवार

आज शाळा सुरू. मायलेकी गेल्या आठवड्यात पेठेत परत आल्या. संयोगिता पहिल्या दिवसापुरती पोचवायला आली. फाटकाशी फुगे, गुलाबाची फुलं, पहिलीच्या पोरांना ओवाळणं. मी आणि निशी दारालगतच्या बाकावर, संयोगिता आणि बाकीचे आई-बाप बाहेर व्हरांड्यात.

पहिलीच्या बाईंनी मॅडमची यादी वाचली होती, मला स्वतः म्हणाल्या तसं. मोठा आवाज होणार असेल तर आधी सांगायचं, हेही वाचलं होतं. पण कोल्हापुरात हलगीला कुणी आवाज म्हणत नाही. सातवीची पोरं लेझीम घेऊन अंगणात आली आणि हलगी कडाडली.

निशी बाकाखाली. कान दाबून, डोळे मिटून, ओरडत. अख्खा वर्ग वळून बघायला लागला. बाई धावत आल्या, "आजी, तिला बाहेर घ्या, बाकीची मुलं घाबरतील." बाहेर म्हणजे हलगीच्या तोंडात. मला एवढंच कळत होतं की माझेही कान फुटतायत, आणि दारात संयोगिता गर्दीतून आत घुसते आहे, आणि आता संपलं सगळं.

मी पण बाकाखाली गेले. नऊवारी गोळा करून, गुडघे मुडपून, निशीला पाठीकडून घट्ट धरून.

"आजी! तुम्ही पण?" बाई म्हणाल्या.

"बाई, हितं निम्माच आवाज येतोय. तुमी बी या."

कुणीतरी पोरगं फिदीफिदी हसलं. मग संयोगिताचे पाय दिसले. ते बाकापाशी थांबले. मी वर बघितलं नाही. ती खाली बसली, अगदी फरशीवर, आणि हळू आवाजात, ती एवढ्या हळू बोलू शकते हे मला ठाऊक नव्हतं, म्हणाली, "किती वेळ?"

निशी म्हणाली, "हलगी संपूदे."

मला वाटलं आता ती ओढून काढणार. ती उठली, दाराशी गेली आणि सगळ्या शाळेला ऐकू जाईल असं ओरडली, "ए हलगीवाले! थांबवा रं ते! माझी दोन माणसं हायत आत! ती भायेर येऊंद्यात, मग वाजवा!"

ती हाक हलगीपेक्षा मोठी होती. निशीने कान आणखी घट्ट दाबले. पण हलगी थांबली.

ह्यांनी मला पस्तीस वर्षं हळूच बाहेर काढलं, त्यांचे उपकार आहेत. पण माझ्यासाठी हलगी कधी कुणी थांबवली नव्हती. मी बाकाखाली बसून रडले, पहिलीच्या वर्गात, सगळ्यांदेखत.

निशीने कानावरचा एक हात काढला. "आक्का, अजून आवाज येतोय तुला?"

"न्हाय," मी म्हटलं. "थांबला."

"मग चल की," ती म्हणाली आणि माझ्याआधी बाहेर गेली.